पाटी नसलेल्या गाड्या

पहाटे पाच पंचवीसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायचा. दोनदा, आखूड. वडील तोवर बूट घालून दारात आलेले असायचे, आई डब्याची पिशवी त्यांच्या हातात द्यायची, आणि तिसऱ्यांदा हॉर्न वाजवायची वेळ सहसा यायची नाही. थेरगावातल्या आमच्या चाळीत घड्याळं होती, पण चाळ चालायची ती त्या हॉर्नवर. त्यावर चुली पेटायच्या, नळाला हंडे लागायचे, शाळेच्या पोरांना पहिली हाक जायची. ‘अण्णांची गाडी गेली का?’ असं कुणी विचारलं की त्याला किती वाजले ते सांगायचं.

अण्णांची गाडी म्हणजे कंपनीची बस. म्हणायची कंपनीची, पण मालकी अण्णांची. आणि त्यांच्याकडे ती एकच होती. बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातून आलेले अण्णा आधी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले, आणि मग पतसंस्थेचं कर्ज काढून एका जुन्या टाटा गाडीचे मालक. मालक झाले तरी स्टिअरिंग त्यांनी सोडलं नाही, कारण ड्रायव्हर ठेवला तर पगार द्यायचा आणि हप्ता भरायचा हे दोन्ही जमत नव्हतं. पिंपरी-चिंचवडमध्ये असे शेकडो अण्णा होऊन गेले. कुणाच्या दोन गाड्या, कुणाच्या चार, बहुतेकांची एकच. हे पुस्तक त्यांच्या आणि त्यांच्या गाड्यांतून कामावर गेलेल्या माणसांच्या आठवणींचं आहे.

आठवणींचं अशासाठी, की दुसरं काही उरलेलं नाही. १९७४ मध्ये सुरू झालेल्या पीसीएमटीची, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या सार्वजनिक बससेवेची, माहिती हवी असली तर वार्षिक अहवाल आहेत, मार्गांचे क्रमांक आहेत, ताफ्यातल्या गाड्यांचे आकडे आहेत. एसटीवर तर ग्रंथ आहेत. पण पहाटेच्या अंधारात या शहराचे कामगार ज्या गाड्यांनी गेटवर पोचायचे, त्यांना पाटी नव्हती, तिकीट नव्हतं, वेळापत्रक नव्हतं. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेला रूटचा नंबर, एवढीच त्यांची ओळख. पुठ्ठा भिजला की दुसरा लावायचा. संग्रहात ठेवावं असं काही मागं राहायची सोयच नव्हती.

हे असं का झालं, याचं कारण कायद्यात आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज पुढचं नीट कळणार नाही. स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे रस्त्यावरची प्रवासी वाहतूक खासगी मोटारवाल्यांच्याच हातात होती. गाडी भरली की सुटणार, नाही भरली तर प्रवासी बसून राहणार. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सरकारी एसटीची पहिली गाडी गेली आणि पुढच्या काळात टप्प्याटप्प्यानं हे मोटारवाले रस्त्यावरून बाजूला झाले. झालं ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. ज्या वाडीला दिवसभरात चार प्रवासी मिळत नाहीत, तिथं कुठल्या खासगी मालकानं रोज गाडी नेली असती? पण मोटार वाहन कायद्यानं, आधी १९३९ च्या आणि मग १९८८ च्या, प्रवासी गाड्यांचे दोन प्रकार मानले. थांब्याथांब्यावर माणसं घेत, वेगवेगळं भाडं आकारत जाते ती स्टेज कॅरेज. ठरलेल्या करारावर, ठरलेल्या रकमेला पूर्ण गाडी दिली जाते आणि कराराबाहेरचं माणूस वाटेत घेता येत नाही, ती काँट्रॅक्ट कॅरेज. पहिला प्रकार महामंडळांकडे गेला. लहान मालकाला उरला दुसरा. त्यामुळे त्यानं रोज तोच रस्ता, त्याच वेळेला, त्याच माणसांना घेऊन तीस वर्षं कापला, तरी कागदोपत्री ती ‘सेवा’ ठरत नव्हती. एका मालकानं एका कारखान्याला भाड्यानं दिलेलं वाहन, इतकीच तिची नोंद. पाटी लावायला त्याला मनाई होती असं म्हटलं तरी चालेल. आणि ज्याला पाटी नाही ते शहराच्या वाहतुकीत मोजायचंच नाही, अशी सवय अभ्यास करणाऱ्यांनाही लागली.

गरज मात्र खरी होती. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांची शेतं कारखान्यांखाली गेली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कारखाने पुढे गेले, घरं मागं राहिली. कामगार राहायचा पुण्याच्या पेठांत, खडकीत, देहूरोडला, तळेगावात, पवनेच्या काठच्या गावांत भाड्याच्या खोल्यांमध्ये. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली, तिचा मोठा आधार झाला, पण ती रुळांवरून जाते, आणि भोसरीची एमआयडीसी रुळांपासून लांब. त्यात तीन पाळ्या. सकाळी साडेसहाला गेटवर हजर व्हायचं म्हणजे पाच-साडेपाचला घर सोडायचं. सेकंड शिफ्ट सुटणार रात्री साडेअकराला. त्या वेळेला सरकारी बस कुठली आणि रिक्षा कुणाला परवडणार? कारखान्यांनी स्वतःच्या गाड्या घेऊन पाहिल्या; ज्यांचं अंग मोठं त्यांनी त्या ठेवल्याही. बाकीच्यांना ड्रायव्हर, टायर, पासिंग, इन्शुरन्स ही भानगड नको होती. ती अण्णांसारख्यांनी अंगावर घेतली.

यात आणखी एक धागा आहे, तो या पुस्तकासाठी लिहिलेली टिपणं वाचताना मला पुन्हा पुन्हा भेटला. एमआयडीसीत जमिनी गेलेल्या घरांतली बरीच मुलं या धंद्यात आली. मोबदल्याच्या पैशातून कुणी पाण्याचा टँकर घेतला, कुणी खोल्या बांधल्या, कुणी गाडी. ज्या वावरात आजोबानं ज्वारी काढली, त्याच जागेवरच्या गेटसमोर नातू गाडी लावून पाळी सुटायची वाट बघत बसला आहे, हे दृश्य या शहरात सर्रास होतं. या पुस्तकातल्या एका टिपणात एका मालकानं लिहिलंय, की गेटच्या आतलं चिंचेचं झाड त्यांच्या बांधावरचं होतं आणि वॉचमन त्याला त्या झाडाखाली बसू देत नव्हता. त्यानं त्यावर काही भाष्य केलेलं नाही. मीही करत नाही.

गाड्याही इथल्याच. बजाज टेम्पोची मॅटाडोर आकुर्डीच्या कारखान्यात बनायची. ‘टेम्पो’ हे हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव, ते आपल्या बोलण्यात इतकं मुरलं की आज ‘टेम्पो भरून माणसं’ म्हणताना कुणाला जर्मनी आठवत नाही. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, तीही पुण्याच्या कारखान्यातून. बारा-पंधरा माणसांचा रूट असला की मॅटाडोर, वीस-बावीसचा असला की ४०७ वर बांधलेली मिनीबस, आणि पन्नासचा असला की मोठी टाटा. दिवसा माणसं जी गाडी जोडायची, तिच्याच जुन्या बहिणीत बसून ती संध्याकाळी घरी यायची. म्हणून मालकाला फुकटचे सल्लागार भरपूर. गिअरचा आवाज जरा बदलला की मागून चार माणसं सांगणार, सिंक्रो गेलाय.

या धंद्याचं मर्म ‘जोडणी’त होतं. पुस्तकात हा शब्द पानोपानी येईल, म्हणून तो इथं उलगडून सांगतो. एका गाडीनं एकाच कंपनीचं काम केलं तर ती दिवसातले फार तर पाच-सहा तास फिरते आणि उरलेला वेळ उभी राहते. त्यात डिझेल सुटतं, हप्ता सुटत नाही. म्हणून मालक कंपन्या जोडायचा. भोसरीची साडेसहाची पहिली पाळी उतरवली की तीच गाडी चिंचवडच्या साडेआठच्या जनरल शिफ्टला. ती उतरवली की एखाद्या शाळेची पोरं. मग तीनची सेकंड शिफ्ट आत आणि पहिली बाहेर, सव्वापाचला जनरल बाहेर, आणि रात्री साडेअकराला पुन्हा भोसरीचं गेट. दोन कंपन्या जोडल्या की हप्ता निघतो. तिसरी शाळा जोडली की बायकोचे गहाण टाकलेले दागिने सुटतात. हे मला एका मालकाच्या बायकोनं बोटावर मोजून दाखवलं होतं आणि त्याहून सोपं अर्थशास्त्र मी कुठं वाचलेलं नाही.

पण जोडणीत एक मेख होती, तिचं नाव गुरुवार. विजेचा भार आठवड्यात विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार लावून दिलेले असतात, आणि भोसरीकडे ती सुट्टी गुरुवारची. आजही तिथल्या माणसाचं लग्नकार्य, दवाखाना, बँक सगळं गुरुवारी. आता ज्यानं एक गुरुवारची कंपनी आणि एक रविवारची कंपनी जोडली, त्याच्या गाडीला सुट्टी कधी? कधीच नाही. रविवारी भोसरी चालू, गुरुवारी चिंचवड. मग ऑइल बदलायचं, ब्रेक लायनर घालायचे ते रात्री बारा ते पहाटे चारच्या मध्ये, बॅटरीवर ओढलेल्या बल्बच्या उजेडात. अण्णांच्या मुलांनी वडिलांना सलग आठ तास झोपलेलं पाहिलं ते आजारपणात.

आणि गाडी बंद पडली तर? साडेसहाचं गेट चुकलं की पन्नास माणसांचा अर्धा दिवस कापला जाणार, आणि त्या पन्नास घरांशी अण्णांची रोजची गाठ. म्हणून या मालकांमध्ये एक रीत होती, कुठं न लिहिलेली. मोबाइल नव्हते तेव्हा क्लीनर धावत जाऊन पेट्रोल पंपावरून किंवा उघड्या असलेल्या टपरीवरून फोन करायचा, आणि जो मालक जवळ असेल तो स्वतःची माणसं उतरवून उलट यायचा. ज्याच्याशी टेंडरमध्ये रुपया-दोन रुपयांवरून भांडण झालं, त्याच्याच मदतीला. त्याचे पैसे मागायचे नसत. ज्याचं डिझेल गेलं त्याला पुढं कधीतरी ते परत मिळायचंच, कारण बंद सगळ्यांच्याच गाड्या पडायच्या. थंडीत सेल्फ मारत नाही म्हणून गाडी रात्री उतारालाच लावायची, हेही याच रीतीतलं एक कलम. थेरगावात अण्णांचा उतार ठरलेला होता; तिथं दुसरं कुणी वाहन लावत नसे.

गाडीच्या आतलं जग वेगळं. जागा नेमून दिलेल्या नसत, पण मोडत कुणी नसे. पहिल्या थांब्यावरची माणसं मागं जाऊन झोपणार, पेपर आणणारा खिडकीशी बसणार आणि त्याचं एकेक पान पुढं सरकत जाणार. मधल्या सीटांवर पत्ते. भिशीचा हिशेब पगाराच्या दिवशी मागच्या बाकावर. कुणाच्या मुलाला दहावीला चांगले मार्क पडले की पेढे आधी क्लीनरला, मग अण्णांना, मग बाकीच्यांना. युनियनच्या निवडणुका निम्म्या तर या गाड्यांतच झाल्या. कारखान्यात पुढाऱ्याला बोलता येत नसे, इथं बोलता येई, आणि ड्रायव्हर कुठल्याच बाजूचा नसल्यामुळे भांडण हाताबाहेर गेलं की त्यानं फक्त आरशात बघायचं.

त्या जुन्या टाटांमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आतच असायचं. त्यावरच्या बॉनेटवर अण्णांनी जुनी गोधडी चौपदरी घडी करून टाकली होती आणि वर रेक्झिन ठोकलं होतं. थंडीच्या दिवसांत ही गाडीतली सगळ्यात मानाची जागा. तिथं बसायचा हक्क ज्याची तब्येत नरम त्याचा. नाइट करून परतणाऱ्यांचे उरलेले डबे तिथं ठेवले की घरी पोचेपर्यंत भाकरी गरम असायची, आणि म्हणून त्या रेक्झिनला बारा महिने लसणाच्या चटणीचा वास. खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना नेता यायचं, तेव्हा मी त्या बॉनेटवर बसून गेलो होतो. पुढच्या काचेला झेंडूच्या माळा, गिअरच्या दांड्याला आंब्याचा डहाळा, आणि बुडाखाली ते थरथरतं ऊबदार जनावर. कारखान्यातली मशीनं मला आता आठवत नाहीत. बॉनेट आठवतं.

बायकांच्या आठवणी या पुस्तकात हव्या होत्या तितक्या मिळाल्या नाहीत, आणि याची खंत आहे. कारखाने कायद्यानं बायकांना रात्रपाळीला बंदी होती, त्यामुळे त्या जनरल शिफ्टच्या गाड्यांत असायच्या. जुळणीच्या आणि पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या बायका बहुतेक मॅटाडोरमधून जायच्या. ज्या दोघी-तिघींनी लिहिलंय त्यांनी एक गोष्ट एकसारखी सांगितली आहे: पोटुशी बाई असली की गाडी थांब्यावर न थांबता तिच्या दाराशी जायची आणि याबद्दल कधी कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. करारात ते किलोमीटर धरलेले नसत. डिझेल मालकाच्या खिशातलं.

मालकाच्या खिशाचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. बिलं दोन-दोन महिन्यांनी मिळायची. डिझेलचा भाव वाढला तरी दर वर्षअखेरीपर्यंत तोच. एका कारखान्याला टाळं लागलं तेव्हा अण्णांचं सात महिन्यांचं बिल आत अडकलं. कामगारांची देणी, बँकेची देणी, त्यांच्या रांगेत गाडीवाला कुठंच नव्हता. अण्णा त्या गेटवर कागद घेऊन किती वेळा गेले याचा मी साक्षीदार आहे, कारण अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे. तेव्हा मी अकरावीत होतो. ‘महोदय’ या शब्दानंतर काय लिहायचं ते आम्हा दोघांनाही कळत नसे.

पुढं कामगारानं स्वतःची स्कूटर घेतली, मग मोटारसायकल. गाडीतल्या सीटा रिकाम्या होऊ लागल्या. कायम कामगार निवृत्त झाले, त्यांच्या जागी कंत्राटी आले, आणि कंत्राटी माणसाला गाडीची सोय द्यायचीच असं काही नव्हतं. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. नवे मोठे कारखाने चाकणकडे गेले. चाकणचे रूट लांब, गाड्या नव्या हव्यात, ठरावीक वर्षांपेक्षा जुनी गाडी चालणार नाही अशी अट, आणि टेंडर भरायचं तर पन्नास गाड्या दाखवा. एका गाडीचा मालक मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली गेला किंवा घरी बसला. २०२० च्या मार्चमध्ये सगळंच थांबलं. हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत मिळाली, व्याज चालूच. त्या पावसाळ्यात मोशीच्या एका मोकळ्या मैदानात मी ओळीनं उभ्या मिनीबसेस पाहिल्या. चाकांभोवती गुडघाभर गवत, आणि एका गाडीच्या पायरीवर तिचा मालक नुसता बसलेला. रोज येऊन इंजिन दहा मिनिटं चालू करतो, म्हणाला, नाहीतर ती विसरेल.

या टिपणांची भाषा आम्ही फारशी बदललेली नाही. ड्रायव्हर लोक रस्ता सांगतात तो चौकांच्या नावांनी नाही तर खुणांनी: जुना जकात नाका, डेरेदार वड, आता नसलेलं थिएटर. त्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. साल कुठं कुठं चुकलं असेल, तिथं खात्री झाली नाही म्हणून साल काढून टाकलं आणि आठवण ठेवली.

माझ्या वडिलांनी काही लिहून ठेवलं नाही, म्हणून त्यांचं एक इथं लिहितो. या शहरात निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी गाडीतले सगळे घरापर्यंत सोडायला येतात. वडिलांचा तो दिवस पावसाळ्यातला होता. आमच्या गल्लीत मोठी गाडी कधी आली नव्हती. वळायला जागाच नव्हती. पंचवीस वर्षं गाडी तोंडाशी उभी राहिली आणि वडील चालत गेले. त्या संध्याकाळी अण्णांनी गाडी मुख्य रस्त्यावरच उलटी फिरवली आणि मागं घेत घेत गल्लीत आणली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा, घरांच्या पत्र्यांना छताचा कोपरा घासतोय, लोकांनी दारातले हंडे उचलून आत घेतलेले. क्लीनर मागच्या दारात लोंबकळत पत्र्यावर थापा मारत होता, ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.’ आमच्या दारासमोर त्यानं दोन थापा जोरात मारल्या. अण्णांनी इंजिन बंद केलं. वडील गळ्यात हार घेऊन मागच्या दारानं उतरले, आणि पुढं जाऊन त्यांनी अण्णांच्या खिडकीशी हात वर केला. अण्णांनी तो धरला, आणि मागं अडकलेली एक रिक्षा हॉर्न वाजवत होती तरी बराच वेळ सोडला नाही.